करंगळीची जागा

"हात सैल सोड, बाळ. पिस्तूल धरल्यागत न्हाई, परसाद घेतल्यागत धर," अप्पा म्हणाले, आणि रेवती मगदूमनं हसत आपला उजवा हात त्यांच्या पुढ्यात केला.

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. 'बाळ' हा शब्द अप्पांनी मला दहावीनंतर एकदाही वापरला नव्हता. मी होते 'कालिंदे', आणि फारच डोक्यात गेले तर 'ए भवाने'. आणि मालकाची लेक गाडीतून उतरून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर बाळ!

मी जळले. सरळ सांगते, उगाच गोड शब्दांत गुंडाळून काय उपयोग? तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला जळायला फार काडी लागायची नाही.

अप्पा मगदूमसाहेबांच्या फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करावा लागतो. वाळूत त्याचा ठसा उठवतात आणि त्या ठशात रस ओततात. एकतीस वर्षांत अप्पांचा एकही पॅटर्न माघारी आला नव्हता. कोल्हापुरात उद्यमनगराच्या कुठल्याही गल्लीत 'हिंदुराव मेस्त्री' म्हटलं की लोक घर दाखवायचे. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. त्या पडवीतच आज रेवतीसाठी खास सतरंजी अंथरली होती.

तिच्या मांडीवर नवं कोरं पिस्तूल होतं. जर्मनीहून आलेलं, निळसर, पेटीसकट. दहा मीटरवरून कागदावर छर्रे मारायचं आमचं एअर पिस्तूल, पण असलं मी फक्त चित्रात पाहिलं होतं. भानगड एवढीच होती की त्याची लाकडी मूठ तिच्या हातात बसत नव्हती. मूठ तळहातात कुठंही पोकळी न ठेवता भरली, की दर गोळीला हात त्याच जागी बसतो. नाही भरली, तर महागडं पिस्तूलसुद्धा हातात मनाला येईल तसं फिरत राहतं.

"काय सुरेख बोटं हायत. एकदम सरळ," अप्पा पेन्सिलीनं कागदावर तिच्या हाताची बाह्यरेषा ओढत म्हणाले.

मी उजवा हात पदराआड नेल्यासारखा तांब्यामागं नेला. माझी करंगळी वाकडी आहे. सहा वर्षांची असताना अप्पांचा डबा घेऊन फौंड्रीत गेले होते, तेव्हा वाळूची लोखंडी चौकट बोटावर पडली. हाड बसलं ते वरच्या पेरापासून बाहेर वळूनच.

"काका, मी उद्या पुण्याच्या शिबिराला चाललेय. तीन आठवडे. तोवर जुन्या पिस्तुलानं भागवते. हे तुमच्याकडेच राहू दे," रेवती म्हणाली.

म्हणजे तिच्याकडे दोन पिस्तुलं. आणि आमच्या क्लबात, तालमीच्या वरच्या मजल्यावर, आम्ही चार मुली मिळून एक पिस्तूल वापरत होतो. त्याची मूठ कुणा दांडग्या पुरुषाच्या मापाची होती. मी तिच्यावर पाय मुरगळल्यावर बांधतात ती पट्टी गुंडाळून नेम धरायचे. तरीही मी रेवतीपेक्षा दोन-चार गुण जास्तच मारायचे. माझ्याजवळ माज करण्यासारखं तेवढंच होतं. आता तेही जाणार, आणि माझ्याच बापाच्या हातून जाणार, हे मला तिथंच दिसलं.

"मेस्त्री, सावकाश होऊ द्या. कामावर आठ दिवस नाही आलात तरी चालेल," मगदूमसाहेब जाताना म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तीच तर अडचण होती.

गाडी वळल्यावर अप्पा म्हणाले, "बघितलंस? पोरगी किती साधी हाय."

"साधी नसायला काय झालं? सगळं आयतं मिळतंय," मी म्हणाले.

"तुला पण मिळणारच हाय की. रविवारी जायचंय ना देसायांकडं?"

ते मात्र खरं होतं. आईची भिशी लागली होती आणि तिनं कधी नव्हे ते घराच्या पत्र्यांचं नाव न काढता सगळे अठरा हजार माझ्या हातावर ठेवले होते. एवढ्यात नवं पिस्तूल स्वप्नातही येत नाही. पण गडहिंग्लजचे सुभेदार देसाई, सैन्यातून निवृत्त झालेले जुने नेमबाज, आपली दोन पिस्तुलं विकणार होते. दोन्ही आमच्या बजेटात बसत होती.

रविवारी त्यांनी ती दोन्ही टेबलावर ठेवली. एक गॅसच्या नळकांड्यावर चालणारं. गोळी सुटताना हलायचंसुद्धा नाही, नळी आतून आरशासारखी. पण त्याची मूठ तडकलेली, आणि मुळातच सुभेदारांच्या पंज्याच्या मापाची. माझा हात तिच्यात पोराच्या पायात बापाची चप्पल घालावी तसा दिसत होता. दुसरं स्प्रिंगचं. जुनं, सुटताना हिसका देणारं. पण त्याची मूठ लहान होती, धड होती आणि हातात बऱ्यापैकी बसत होती.

"हे दुसरं घ्या, मेस्त्री. मुलीला तयार मूठ मिळतेय," सुभेदार म्हणाले.

अप्पा पहिल्याच्या नळीतून खिडकीकडे बघत होते. "नळी काय मला करता येत न्हाई, सुभेदार," ते म्हणाले. "मूठ येती. हेच घ्यायचं. हिच्या हातासाठी अशी मूठ करीन की पिस्तूल काढून ठेवलं तरी हातात हाय असं वाटंल. फक्त महिनाभर ठेवा. साहेबांच्या लेकीचं काम हातावेगळं करतो आन् मग हिचं."

आधी तिचं, मग माझं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. अप्पा मला शेंगदाण्याची पुडी देत राहिले आणि मी 'भूक नाही' म्हणत राहिले.

पुढचे तीन आठवडे आमच्या पडवीत शिसवीचा भुसा पडत होता. अप्पांनी पिस्तुलाबरोबर आलेली कंपनीची मूठ बाजूला ठेवून नव्यानं मूठ कोरायला घेतली होती. कामावरून आले की चहा घ्यायचे आणि बसायचे. पटाशी, मग कानस, मग पॉलिश पेपर. मध्येच थांबून डोळे मिटायचे आणि लाकडावरून अंगठा फिरवत राहायचे. कागदावर बोटांची लांबी-रुंदी होती, पण हाताची जाडी, मांस, खळगे कागदावर येत नाहीत. ते अप्पा डोळे मिटून मनातनं काढत होते. दुसऱ्या कुणाच्या पोरीचा हात त्यांनी एवढा मनात धरून ठेवलाय, हे मला बघवायचं नाही.

दोनतीनदा त्यांनी हाक मारली. "कालिंदे, जरा धरून दाखव की. मापाला हात न्हाई गं."

"माझी बोटं कुठं सरळ हायत?" मी म्हणाले. "मी जातो, मला क्लास हाय."

"आगं, मिनिटभर..."

मी चपला घालून गेलेसुद्धा. त्या तीन आठवड्यांत मी त्या मुठीला बोट लावलं नाही. आई एकदा म्हणाली, "किती जळतीस गं? तुझाच बाप हाय न्हवं?" मी म्हणाले, "सध्या तिचा हाय."

रेवती परत आली तो शनिवार होता, दुपारचे चार वाजले होते. निवड चाचणीला बरोबर आठ दिवस उरले होते. विभागाच्या संघात मुलींची एकच जागा होती आणि ती तिला किंवा मला मिळणार, हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. सोबत मगदूमसाहेबही आले. अप्पांनी धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल काढलं. मूठ बसवलेली होती. काळीभोर शिसवी, तेलानं चमकणारी. मगदूमसाहेबांच्या तोंडून 'वा' निघून गेलं. माझ्याही निघालं असतं, मी दात आवळले.

रेवतीनं पिस्तूल धरलं, हात लांब केला, डोळे मिटले. पुन्हा धरलं. तिचा चेहरा कसनुसा झाला.

"काका, छान झालीय हो," ती म्हणाली. "फक्त... इथं तळव्यात टोचतंय थोडं. आणि खाली, करंगळीपाशी खड्डा लागतोय. बोट बाहेर जातं तिथनं."

"खड्डा?" अप्पा म्हणाले.

"तिरका आहे. कशासाठी केलाय ते कळलं नाही मला."

अप्पांनी तिच्या हातातली मूठ खालून बघितली, वरून बघितली. कागद आणला, तिचा हात पुन्हा कागदावर ठेवला. रेघा बरोबर जुळत होत्या. मूठ जुळत नव्हती. अप्पांच्या कपाळावर घाम आला. त्यांना मी इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"राहू दे हो मेस्त्री," मगदूमसाहेब अगदी मऊपणानं म्हणाले. "एवढं काय त्यात? कंपनीचीच लावू परत."

त्या मऊपणानंच अप्पा जास्त खचले. एकतीस वर्षांत 'राहू दे' हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. ते माझ्याकडे वळले.

"कालिंदे, तू धर. तुझा हात नेम धरणारा हाय. तू सांग माझं कुठं चुकलं."

नाही म्हणायला जागाच नव्हती. सगळे बघत होते. मी हात पुसला आणि मूठ धरली.

ती बसली.

नुसती बसली नाही. अंगठ्याखालचा उंचवटा त्याच्या खळग्यात गेला, तळहात भरला, तीन बोटं आपापल्या जागी गेली. आणि करंगळी, माझी वाकडी करंगळी, त्या तिरक्या खड्ड्यात अशी जाऊन निजली की मला तिचा वाकडेपणाच जाणवेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात पिस्तुलाचं वजन राहिलं नाही.

हा माझा हात होता. अप्पांनी डोळे मिटून मनातनं जो हात काढला तो रेवतीचा नव्हताच. कागदावर तिची बोटं होती, पण लाकडात उतरला होता तो फौंड्रीतून खांद्यावर टाकून धावत दवाखान्यात नेलेल्या पोरीचा हात. त्यांचं त्यांनाही ते कळलं नव्हतं.

मी सांगायला हवं होतं. नुसतं 'अप्पा, ही माझी मूठ हाय' एवढं म्हटलं असतं तरी ते हसले असते, डोक्यावर हात मारून घेतला असता. मग त्यांनी रेवतीचा हात पुन्हा मापात घेतला असता, आणि आठ दिवस त्यांना भरपूर होते. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. त्याच्या पाठोपाठ आलं ते असं, की मग तिला तिची मूठ मिळेल. ते पिस्तूल, आणि त्यावर माझ्या बापाची मूठ. आणि मी पट्टी गुंडाळून उभी राहीन.

त्यातच मला रागही आला. माझा हात इतका पाठ होता, तर तो आधी माझ्यासाठी का नाही केला?

"काय?" अप्पांनी विचारलं.

"हो, चुकलंय," मी म्हणाले. "माझ्या हाताला पण टोचतंय."

"आन् करंगळी?"

"पोकळच लागतीय." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणाले, "अप्पा, तुम्ही फौंड्रीतली पट्टी तर वापरली नाही ना?"

लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरांची मोजपट्टी वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा असतो. दोन पट्ट्यांची गल्लत नवशिकं पोर पहिल्या महिन्यात करतं आणि मेस्त्रीच्या शिव्या खातं. अप्पांनी त्यापायी कितीतरी जणांना शिव्या घातल्या होत्या. मी काय बोलतेय ते मला पक्कं ठाऊक होतं.

अप्पांनी सतरंजीच्या कडेला पडलेल्या दोन पट्ट्यांकडे बघितलं.

"असंल," ते हळूच म्हणाले. "वापरली असंल. ध्यान न्हाई राहिलं."

"होतं हो," मगदूमसाहेब म्हणाले. "वय होत चाललंय आपलं सगळ्यांचं."

रेवती निघताना अप्पांच्या पाया पडली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकांना वाईट वाटलं गं. तू समजाव. मूठ चांगलीच आहे, माझा हातच वेगळा असेल." ती चांगली बोलली, म्हणून मला तिचा आणखीच संताप आला.

अप्पांनी ती मूठ खोलून आधीच पिस्तुलावर कंपनीची मूठ परत चढवून दिली होती. शिसवीचे दोन तुकडे सतरंजीवर राहिले. ती मूठ दुसऱ्या बनावटीच्या पिस्तुलावर चढली नसती हे खरं, पण नमुना म्हणून ठेवता आली असती. मला ते सुचलं. सुचून मी गप्प बसले, कारण 'ठेवा' म्हटलं की 'का' म्हणून विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला निघाले तेव्हा बंब पेटला होता. अप्पा पुढ्यात उकिडवे बसून भुसा घालत होते. भुशावर ते दोन्ही काळे तुकडे होते. एकाची कड पेटली होती. मला तिरका खड्डा स्पष्ट दिसला. हात घालून काढता आला असता, अजून वेळ होता.

"पाणी तापतंय," अप्पा म्हणाले. "शिसवी हाय, चांगली आंच धरती."

त्या पाण्यानं मी अंघोळ केली.

निवड चाचणीत मी चारशेपैकी तीनशे एकसष्ट मारले, रेवतीनं तीनशे एकोणसाठ. कंपनीच्या मुठीत तिचा हात शेवटच्या दहा गोळ्यांना घसरत होता, ते मला शेजारच्या लेनमधून दिसत होतं. जागा मला मिळाली. नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी पाठ थोपटली, क्लबातल्या पोरींनी मला उचललं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? चांगला दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी आम्ही गडहिंग्लजला गेलो. सुभेदारांनी पुन्हा दोन्ही पिस्तुलं टेबलावर ठेवली. मला वाटलं, अप्पा पहिलं उचलतील, नळीतून खिडकीकडे बघतील. माझा हात ते पुन्हा घडवतील, या वेळी माझ्यासाठी, आणि मग सगळं फिटेल. मी तसं मनाशी ठरवूनच आले होते.

अप्पांनी स्प्रिंगचं पिस्तूल पुढं ओढलं. "हे देऊन टाका."

"अहो मेस्त्री, तुम्ही तर म्हणाला होता नळी बघून घ्यायचं!" सुभेदार म्हणाले. "मूठ मी करीन म्हणाला होता."

"म्हणालो होतो," अप्पा हसून म्हणाले. "आता हात न्हाई राहिला, सुभेदार. साहेबांच्या लेकीची केली, ती वाया गेली. पट्टीची गल्लत झाली."

"तुमच्याकडून? मला नाही पटत. धरून बघणाऱ्याचंच चुकलं असेल."

"न्हाई न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हिनं स्वतः धरून बघितली. साहेबांनी तोंडावर गोड बोलून झाकलं असतं, पण हिनं सगळ्यांसमोर सांगितलं, चुकलंय म्हणून. तेवढी एक माझ्याशी खोटं बोलायची न्हाई."

सुभेदार माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी टेबलाकडे बघत होते. सांगायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. आज मी पोरींना नेम धरायला शिकवते, आणि त्यांना पहिल्या दिवशी सांगते की चुकलेली गोळी पुढच्या गोळीत भरून काढता येत नाही. मला ते त्या टेबलापाशी कळलं.

अप्पांनी स्प्रिंगचं पिस्तूल माझ्या हातात दिलं. मी हात लांब केला. तळहात भरला, तीन बोटं बसली. करंगळीला मात्र जागा नव्हती. ती मुठीच्या खाली, बाहेर, मोकळी राहिली. पुढची अकरा वर्षं ती तशीच राहिली.

"बसली का मूठ, बाळ?" अप्पांनी विचारलं.

"बसली," मी म्हणाले.